काळी गोल, तिच्याशी बोल

हॅलो?

हॅलो, कोण? … मोठ्यानं बोल गं, काही ऐकू येत नाही. … चिमे? तू कुजबुजतेस कशाला? … कोण ऐकेल? … कोळी?

थांब, खुर्ची ओढू दे. … हं, बोल. … कोळ्यांना कान नसतात, चिमे. बत्तीस वर्षं संग्रहालयात त्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या मी, एकालाही कान नव्हता. … हो, पायांवरच्या केसांनी कळतं त्यांना, तेही खरं. … मग कुजबुजलेलंही कळेलच की. नीट बोल, म्हणजे मलाही कळेल.

कुठे आहेस? … बाथरूममध्ये. … आतून कडी लावून. … घरात एकटी असताना कडी कशाला लावतेस? … सवय. बरं. आणि कोळी कुठे आहे? … कडीवर.

म्हणजे तू आत, कोळी कडीवर. आणि फोन? … हो, अंघोळ करताना पडलीस तर जवळ हवा म्हणून तुझ्या लेकानंच सांगितलंय. शहाणा आहे. … कपडे घातलेस ना? … गाऊन. लांब बाह्यांचा? … चांगलं आहे.

किती वेळ झाला? … वीस मिनिटं! अगं मग कडी काढ आणि बाहेर ये. … हं. … हो, हो, कडीवरच आहे, कळलं मला.

नाही, लेकाला फोन करू नकोस. … करणारच नव्हतीस. बरोबर आहे. … किती वाजता येतोय तो? … साडेअकराला. खोकी घेऊन. … किती खोकी? … बारा! … त्याचं नक्की म्हणणं काय, पुन्हा सांग. … 'आणखी एकदा असं काही झालं, तर तू माझ्याकडे राहायला यायचं.' … मग खोकी आत्ताच कशाला? … 'असू देत हाताशी.' हं. बापावर गेलाय. तोही ढग दिसायच्या आधी छत्री उघडायचा.

पण चिमे, सगळी चूक त्याची नाही हं. कोळ्यासाठी अग्निशामक दल कोण बोलावतं? … उंच शिडी त्यांच्याकडेच असते, मान्य. … चार माणसं आली होती? मला तू दोन म्हणाली होतीस. … आणि त्याआधी माळ्यावर काहीतरी हलतंय म्हणून त्याला ऑफिसातून बोलावलंस, ते काय निघालं? … लोकरीचा गुंडा.

नाही, हसत नाही मी. … अगं ऐक ना, कळतं मला. चाळीस वर्षं राहिलीस त्या घरात, तुझी झाडं आहेत, तुझा कट्टा आहे. त्याच्याकडे वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत तुला राहायचं नाही. … हो, मशीन गरगरायला लागली की पलंगही गरगरतो, सांगितलंयस मला. तीनदा.

तर साडेअकराच्या आत तू केस विंचरून, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेली दिसली पाहिजेस. … अकरा पाच झालेत. भरपूर वेळ आहे.

आता सांग, कसा दिसतो? … मोठा म्हणजे केवढा? … बशीएवढा. पायांसकट ना? … पाय सोडले तर? … बटणाएवढा. मग बटण म्हण ना, बशी कशाला म्हणतेस. … चष्मा कुठाय तुझा? … पलंगावर. पण लांबचं चांगलं दिसतं ना तुला? मग मागे सरक. … भिंतीपर्यंत. … आता दिसतंय? … स्पष्ट दिसतोय म्हणून रडू नकोस, त्यासाठीच तर मागे सरकवलं तुला.

अंग फुगीर आहे का चपटं? … पुस्तकात दाबून ठेवल्यासारखं. बरोबर. आणि पाय बाजूला पसरलेले, खेकड्यासारखे? … रंग मातकट. … जाळं दिसतंय कुठे? … नाही ना? हा जाळं विणतच नाही. पायी हिंडतो आणि झुरळं खातो. … तुझ्याकडे झुरळं नाहीत? मग त्यानंच खाल्ली असतील. … अगं अपमान नाही केला तुझा.

पोटाखाली काही आहे? … पांढरं? चकतीसारखं? … मग तो 'तो' नाही, ती आहे. अंडी आहेत ती, पोटाशी धरून हिंडते. … मला काय माहीत कधी फुटणार? मी काय सुईण आहे तिची?

काही करत नाही ती. … अजिबात नाही. मुठीत आवळलीस तरच चावेल, आणि चावली तरी मधमाशीएवढं दुखेल. गार पाण्याची पट्टी ठेवायची आणि कामाला लागायचं. … तू कशाला आवळशील, तेच म्हणतेय मी.

तर आता असं कर, ब्रशच्या दांड्यानं… काय? … काय म्हणालीस? … पुन्हा म्हण.

'लांब पाय, जवळ नाय. काळी गोल, तिच्याशी बोल.'

… हं. … आठवतंय ना. मला कसं नाही आठवणार? … हो, मीच शिकवलं तुला. … हो, मी बारा वर्षांची आणि तू सहा. फ्रॉकच्या खिशात हात घालून म्हणायचीस.

चिमे, ते जरा बाजूला ठेव. … म्हणजे, लहान मुलांसाठी होतं ते. … मोठ्या माणसांना कोळी वेगळे चावतात असं नाही, पण… … अपवाद. हो, अपवाद म्हण. बाथरूममधले लांब पायवाले अपवाद. … स्वयंपाकघरातलेही. … छताच्या कोपऱ्यातले ते काडीसारख्या पायांचे, हात लावला की थरथरतात ते? … तेही. … खिडकीत उड्या मारणारे, टकमक बघणारे? त्यांना नुसतं कुतूहल असतं तुझ्याबद्दल. … हो, बरेच अपवाद आहेत.

मग काय राहिलं? … दुसरी ओळ राहिली. … 'दुसरी ओळ तरी खरी आहे ना?' … का विचारतेस? … तुझी? … तुझी कुठली काळी?

… मीटरच्या पेटीत. … दाराबाहेरच्या. … कधीपासून? … उन्हाळ्यापासून. आणि तू तिच्याशी बोलतेस. … रोज सकाळी, पेपर उचलताना. … नाही, काय बोलतेस ते राहू दे.

थांब, आता घाई करू नकोस. दिसायला कशी आहे? … काळी कुळकुळीत. नव्या बुटासारखी. … पोट वाटाण्याएवढं. … उलटी लटकते. … पोटावर काही? … लाल. डाळिंबाच्या दाण्याएवढा डाग. … छान नाही गं तो. जाळं कसं आहे, चाकासारखं गोल? … नाही. कंगव्यातल्या गुंतवळासारखं. … आणि ओढलं की तटतट तुटतं. … हे तुला कसं माहीत? … काडी घालून बघितलीस. … गुदगुल्या करायला.

नाही, मी ठीक आहे. बसलेलीच आहे मी.

चिमे, त्या पेटीत आणखी काय असतं? … मीटर असतो ते मलाही माहीत आहे. आणखी? … जादा किल्ली. खिळ्याला. … आणि ती कोण घेतं? … तू दार उघडलं नाहीस की तुझा लेक घेतो. … बघून घेतो का चाचपून? … चाचपून. … उन्हाळ्यापासून किती वेळा घेतली असेल? … चार. … चार वेळा नशीब.

आता नीट ऐक. … अगं ऐक ना. ती काळी वाईट आहे. … स्वभावानं नाही गं, विषानं. घाम सुटतो, पोटात मुरडतं, अंग आखडतं, दवाखान्यात धावावं लागतं. … मुद्दाम नाही करत ती, कोपऱ्यात गप्प बसून असते बिचारी. पण तिच्या घरात कोणी हात घातला तर ती काय करेल?

कोण म्हणतं म्हणजे काय? मी म्हणतेय! … हो, ते गाणंही मीच म्हणत होते. … तेव्हाची ताई खरी का आताची ताई खरी, हा काय प्रश्न झाला? …

बरं. सांगते.

ते गाणं मी रचलं. … पुस्तकातलं नव्हतं. आजोबांचंही नव्हतं, तसं तुला सांगितलं होतं इतकंच. … आपल्या घरातली जिन्याखालची खोली आठवते? जुने पडदे ठेवायचे ती? छतभर ते काडीपायवाले कोळी होते तिथे. … आणि तू, मी जाईन तिथे माझ्या मागे. शाळेत मागे, गच्चीवर मागे. संडासाच्या दाराबाहेर उभी राहून 'ताई, झालं का?' विचारायचीस. … प्रेमानंच, हो. … मला एक जागा हवी होती गं, जिथे तू येणार नाहीस. म्हणून लांब पायवाले विषारी केले मी.

आणि काळ्या… काळ्या मागच्या शेडमध्ये होत्या, फावडी-कुदळी ठेवायचो तिथे. … तू तिथे खेळावंस म्हणून. … हो. … हो, चार वर्षं खेळलीस. बाहुल्यांची शाळा भरवायचीस. … तुला कधी चावली नाही हे तुझं नशीब, माझं कर्तृत्व नाही.

कधी कळलं मला? … संग्रहालयात लागले त्या पहिल्याच आठवड्यात. सरांनी एक बरणी पुढे केली, म्हणाले, यावर लाल शाईनं 'विषारी' लिहा. उचलून बघते तर आपल्या शेडमधली. … लिहिलं. लिहावंच लागलं. ती एकच चिठ्ठी वाकडी झाली. निवृत्त झाले त्या दिवशीही वाकडीच होती.

सांगणार होते. … त्याच आठवड्यात तुझं लग्न ठरलं. मग लेक झाला. मग तेच गाणं म्हणून त्याला थोपटायला लागलीस. येईल-जाईल त्याला सांगायचीस, आमच्या ताईनं शिकवलंय, ताई संग्रहालयात आहे. कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

चिमे? … आहेस ना?

… काय विचारलंस? … जिन्याखाली? … काही नव्हतं गं तिथे. … पत्रं नाहीत, खाऊ नाही. … वाचायला उजेड कुठे होता? … नुसती बसायचे. … हो. नुसती.

काय झालं? … बेल? … अकरा बाराच झालेत! … छत्री. बापाची छत्री, दुसरं काय. … किती वेळा वाजवतो? … तीनदा. मग किल्ली.

मला ठेव आणि त्याला फोन लाव. … गाडीतच ठेवतो? … मग ओरड. … ओरड गं! … माझ्या कानात नको, खिडकीकडे तोंड कर. … खिडकी मागच्या बाजूला. बरं.

चिमे, ते गाणं त्याला पाठ आहे. काळी दिसली तरी तो हात मागे घेणार नाही, 'कशी आहेस' म्हणून विचारेल. … दुसरी बेल. ऐकू आली मला.

ब्रशचा दांडा घे. कडीच्या खाली, दारावर, टकटक कर. वर पळेल ती. … कर. … पळाली? … खाली आली? … दांड्यावर. … आता?

… बाहीवर. … बरं. … नाही, बरं म्हणजे… किंचाळू नकोस, ऐक. ती आता तुझ्या बाहीवर आहे ना? म्हणजे कडीवर नाही. कडी काढ.

… खोटं नाही बोलत मी. … आज नाही. … चौसष्ट वर्षांपूर्वीचं ते खोटं, आत्ताचं हे खरं, आणि तिसरी बेल वाजतेय. कडी काढ, चिमे. … निघाली? … पळ. … फोन टाक आणि पळ!

…

हॅलो? … चिमे? … नळ गळतोय तुझा. …

हॅलो? … काय पडलं ते? … कोण ओरडलं? …

हॅलो, कोण? … हो, मावशीच बोलतेय. हात कसा आहे तुझा? … आईनं मारलं? कुठे? … मनगटावर. दांड्यानं. … सुजू दे, तेवढ्यावर निभावलं. किल्ली घेतली होतीस? … बोटं आत होती. … कुठवर? … हं.

आणि आई? … पायरीवर बसलीय. … हो, बाहीवर आहे ते ठाऊक आहे मला. झटकू नकोस हं, अंडी आहेत तिच्याजवळ. … कोळिणीजवळ, आईजवळ कशी असतील?

नाही रे, आईच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. … माझ्याही नाही. … खोकी उतरवू नकोस. आधी एक काम कर. आईच्या याच मोबाईलची बॅटरी लाव आणि पेटीत बघ. हात नाही, डोळे. … किल्लीच्या मागे, वरचा कोपरा. … दिसली? … हो, 'काळी गोल'. बोलू नकोस तिच्याशी. पोटावर बघ. … लाल. … आणि ते गोळे? … किती? … पाच. ती पिल्लं आहेत. एकेका गोळ्यात दोनशे धर. …

बस, बस. आईशेजारी जागा असेल पायरीवर.

… हो, गाणं चुकीचं आहे. … उलटं आहे, हो. … कोणी रचलं ते मग सांगते. … नाही, आत्ताच सांगते. मी. … हो, मुद्दाम. … आईला माहीत आहे. दहा मिनिटांपूर्वी कळलं तिला.

आता पेटीचं दार काठीनं लोटून दे आणि फवारणीवाल्याला बोलव. त्याला दाखव फक्त पेटी, आणि बूट-कुंड्यांच्या मागे नीट बघ म्हणावं. घरातल्या लांब पायवाल्यांना हात लावायचा नाही. … मी सांगितलंय म्हणून सांग. … हो, आज त्याला फारसं वजन नाही, कळतं मला. तरी सांग.

आणि ऐक. तुझ्या आईला जन्मभर लांब पायांची भीती वाटली, ती मी घातली होती. अग्निशामक दल आलं ते माझ्यामुळे. … माळ्यावरची लोकर? … ती तिची स्वतःची. … हो, तेवढी तिची. पण अंगावर ती बया घेऊन, बिनचष्म्याची, जी बाई तुझ्या हातासाठी दारापर्यंत पळाली, तिला एकटीला राहता येईल का हे तू मला विचारतोस? … खोकी कोणाची आहेत? … किराणावाल्याची. मग परत नेऊन दे, त्याला लागत असतील.

दे तिला फोन.

चिमे. … हं. … बोलायचं नसेल तर नको बोलू. … अजून बाहीवरच आहे? … भिंतीला हात टेकव, उतरेल आपली आपण. … उतरली? … कुठे निघाली? … बाथरूमकडेच जाणार, तिथे ओल असते. … कडी लावत जाऊ नकोस मग.

नाही, रागाव ना. रागावायलाच हवं. … चौसष्ट वर्षांचं आहे, आजच्या आज संपणार नाही ते. उद्या फोन कर आणि पुन्हा रागाव. … अकराला? … असते मी अकराला, कुठे जाणार. … परवाही चालेल.

काय? … जिन्याखाली? … पुन्हा तेच काय विचारतेस? सांगितलं ना, नुसती बसायचे. …

फार वेळ बसवत नव्हतं मला तिथे. पाच-दहा मिनिटं. मग दाराच्या फटीतून बघायचे तू कुठे आहेस ते. … तू शेडच्या उंबऱ्यावर बसलेली असायचीस, आत तोंड करून, त्या काळीशी बोलत. … हो, मीच सांगितलं होतं बोलायला. … ऐकू यायचं ना. … माझ्याबद्दलच बोलायचीस तिच्याशी. ताई आत्ता येईल म्हणायचीस.

… झाली असती गं. … दोघींना झाली असती जागा. पडदे जरा सरकवले असते तर. … हॅलो?

… चिमे? … ठेवला.

बरं. अकराला.